स्पार्क प्लगचा गॅप: आधी आकडा शोधा, मग पट्टी घाला

कोकणातल्या पेट्रोल गाडीची एक तक्रार ठरलेली असते. सपाटीला ठीक चालते, घाटाला लागली की झटके मारते. रत्नागिरीहून आंबा घाट, चिपळूणहून कुंभार्ली, वैभववाडीहून करूळ, सावंतवाडीहून आंबोली. देशावर जायचं तर चढ चुकत नाही, आणि प्लगचा गॅप (ठिणगी उडी मारते ते प्लगच्या मधल्या आणि बाजूच्या इलेक्ट्रोडमधलं अंतर) जास्त असेल तर तो आधी चढावरच उघडा पडतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि त्या दाबातून ठिणगी पाडायला कॉइलला, म्हणजे प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाला, जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. त्यात गॅपही मोठा असेल तर व्होल्टेज अपुरं पडतं, ठिणगी पडत नाही, आणि गाडी ‘मिसिंग’ करते.

याच्या उलट, गॅप फार कमी असेल तर ठिणगी पडते पण अगदी बारीक. मिश्रण नीट पेटत नाही, गाडी स्लोवर थरथरते, सकाळी दोन-तीन सेल्फ खाते आणि थोडी काजळी धरली तरी गॅप बुजतो.

हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं. तरी गॅप चुकतो, कारण आकडा चुकीचा धरलेला असतो किंवा गॅप मोजायची पट्टी हातात घेण्याआधीच्या पायऱ्या गाळलेल्या असतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

(हे सगळं पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजी गाड्यांसाठी. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो. तिथे असतो तो हीटर प्लग, त्याला गॅप नाही.)

टप्पा १: आपल्या इंजिनाचा आकडा शोधा

‘सगळ्या गाड्यांना चालणारा’ गॅप नसतो. जुन्या पॉइंटच्या इग्निशनला साधारण ०.६ ते ०.८ मिमी, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाड्यांना ०.८ ते १.१ मिमी, टर्बो पेट्रोलला बहुतेक वेळा ०.८ च्या आसपास किंवा त्याहून कमी. हे पट्टे फक्त अंदाजासाठी आहेत. तुमचा आकडा यातून निवडायचा नाही.

आकडा या क्रमाने शोधा.

१. गाडीचं मॅन्युअल. शेवटच्या भागातलं तांत्रिक माहितीचं किंवा देखभालीचं पान उघडा. तिथे प्लगचा क्रमांक आणि गॅप शेजारी-शेजारी दिलेला असतो. हाच आकडा अंतिम.

२. मॅन्युअल हरवलं असेल तर बॉनेटखालचा स्टिकर पाहा. काही गाड्यांवर असतो, बऱ्याच गाड्यांवर नसतो.

३. तोही नसेल तर प्लग कंपनीचा कॅटलॉग, पण इंजिनाच्या कोडवरून आणि सालावरून. गाडीच्या नावावरून शोधलंत तर फसाल. वॅगन आर हे एकच नाव १.१, १.० आणि १.२ लिटर अशा वेगवेगळ्या इंजिनांना मिळालं आहे. स्विफ्ट २००५ साली १.३ लिटर इंजिनाने आली, पुढे १.२ झाली, आणि २०२४ पासून तिचं १.२ इंजिन तीन सिलिंडरचं आहे. दुकानात नुसतं ‘स्विफ्टचा प्लग द्या’ म्हटलंत की दुकानदार जो सर्वात जास्त खपतो तो देणार. आरसी बुकावरचं साल आणि इंजिन क्रमांक घेऊन जा.

४. शेवटचा आधार प्लगवरचा क्रमांक. एनजीके या प्लग कंपनीच्या क्रमांकात डॅशनंतरचा आकडा म्हणजे गॅप: -८ म्हणजे ०.८ मिमी, -९ म्हणजे ०.९, -१० म्हणजे १.०, -११ म्हणजे १.१. डेन्सोच्या क्रमांकात शेवटी यू-११ असेल तर १.१ मिमी. समजा प्लगवर बीकेआर६ई-११ आहे. बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा पाना, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही उष्णतेची श्रेणी, ई म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे आणि ११ हा गॅप.

या चौथ्या मार्गात एक खोच आहे. गाडीत आत्ता बसलेला प्लग हाच बरोबरचा प्लग असेल कशावरून? आधीच्या मेकॅनिकने हाताला लागला तो बसवला असेल, तर त्याच्या क्रमांकातला गॅप तुमच्या इंजिनाचा नाही. प्लगचा क्रमांक आधी दुसऱ्या कुठल्यातरी आधाराशी जुळवा, मगच त्यातला गॅप माना.

> सावध: उष्णतेच्या श्रेणीचे आकडे कंपन्यांमध्ये सारखे नसतात. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे आपली उष्णता लवकर सोडणारा. बॉशमध्ये आकडा मोठा तितका प्लग गरम. ‘दोन्हीवर ७ आहे, म्हणजे एकच’ असं समजून बदली प्लग घेऊ नका. आणि क्रमांकात आर असेल तर रेझिस्टरचाच प्लग घ्या. बिनरेझिस्टरच्या प्लगने रेडिओ खरखरतो आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटलाही त्रास होतो.

सीएनजीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण किनाऱ्यावर आता सीएनजीच्या ओम्नी, ईको आणि वॅगन आर भरपूर आहेत. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. कंपनीने बसवलेला सीएनजी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेला गॅप त्याचा विचार करूनच दिलेला असतो. त्यातून आणखी कमी करायची गरज नाही. बाहेरून किट बसवलं असेल तर किटच्या कागदावरचा आकडा पाहा. तो मिळाला नाही तर मॅन्युअलच्या पट्ट्यातली खालची बाजू धरा. १.० ते १.१ असेल तर १.०. ‘सीएनजी आहे, ०.६ करून टाक’ हा सल्ला ऐकू नका. गाडी पेट्रोलवर सुरू होताना त्रास देईल.

तपासा: पुढे जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: प्लगचा पूर्ण क्रमांक, गॅपचा पट्टा मिलिमीटरमध्ये, आणि एकूण प्लग किती. शेवटचं अनेकदा चुकतं. होंडाच्या जुन्या आय-डीएसआय सिटीला चार सिलिंडर असूनही आठ प्लग असतात, प्रत्येकी दोन. मारुतीच्या ड्युअलजेटमध्ये मात्र दोन असतात ते इंजेक्टर, प्लग सिलिंडरमागे एकच.

टप्पा २: सामान

मोजायला तारेचा गेज सर्वात चांगला. वेगवेगळ्या जाडीच्या गोल तारा एका चकतीला बसवलेल्या असतात. गॅरेजमध्ये सहसा मिळतो तो पट्ट्यांचा फिलर गेज. नव्या साध्या प्लगला तो चालतो, पण त्यातले बरेच संच १.०० मिमीवर संपतात. १.१ हवा असेल तर दोन पट्ट्या एकावर एक धराव्या लागतात, म्हणजे ०.६० आणि ०.५०. पट्ट्या स्वच्छ पुसूनच जोडा; मध्ये तेलाचा थर किंवा मातीचा कण राहिला तर माप खोटं येतं. खाऱ्या हवेत हे गेज पटकन गंजतात. काम झाल्यावर तेलाचा हात द्या, आणि पुढच्या वेळी मोजण्याआधी तो पुसून काढा.

हॅक्सॉ ब्लेडने गॅप लावायची पद्धत अजून आहे. ती कुठून आली हे कळलं की आज का चालत नाही तेही कळतं. साध्या हॅक्सॉ ब्लेडची जाडी सुमारे ०.६४ मिमी असते. पॉइंटच्या गाड्यांना लागणारा गॅप त्याच्या आसपासचाच, म्हणून तिथे ते खपून जायचं. १.० ते १.१ मागणाऱ्या इंजिनाला त्याच ब्लेडने गॅप लावला तर तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी पडतो.

बाकीचं सामान:

- प्लगचा सॉकेट, आत रबर किंवा चुंबक असलेला. माप १४, १६ किंवा २१ मिमी, प्लगप्रमाणे.
- रॅचेट आणि लांब एक्स्टेन्शन
- कॉइलच्या बोल्टसाठी बहुतेक गाड्यांना १० मिमीचा पाना
- टॉर्क पाना, मिळाला तर
- गॅप लावायचं खाच असलेलं हत्यार
- हवा मारायला पायपंप किंवा पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर
- सहा-आठ इंच रबरी नळी, प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल अशी
- सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस, अगदी थोडं
- विजेरी, कोरडं कापड, मार्कर

पक्कड या यादीत नाही. मुद्दामच नाही.

टप्पा ३: इंजिन थंड, खड्डा साफ

इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग फिरवलात तर हेडमधले आटे सोलवटून प्लगबरोबर बाहेर येतात. रात्री गाडी लावून सकाळी काम करणं सर्वात सोपं. घाई असेल तरी दोन-तीन तास थांबा.

चावी काढा. बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल सोडवा.

मग कॉइलचा किंवा प्लग वायरचा जोड काढा. कॉइलच्या कनेक्टरला प्लॅस्टिकची लॉक-जीभ असते. ती दाबूनच ओढा. जुन्या गाडीत हे प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं आणि जीभ एकदा तुटली की जोड सैल राहतो, गाडी पुढे महिनोन् महिने मधूनच मिसिंग करत राहते, आणि दोष प्लगवर जातो. वायरची गाडी असेल तर वायरला धरून ओढू नका. वायरच्या टोकाची रबरी कॅप धरा, थोडी पिळा, मग वर घ्या. प्रत्येक कॉइल किंवा वायरवर मार्करने १, २, ३, ४ लिहा. वायरींची अदलाबदल झाली तर गाडी सुरूच होणार नाही किंवा कार्बोरेटरमधून भडका देईल.

कॉइल निघाली की प्लग ज्यात बसलेला असतो त्या खड्ड्यात विजेरी मारून पाहा. कोकणात खरं काम इथे असतं. जांभ्याची लाल धूळ, किनाऱ्याजवळच्या गाडीत वाळू, पावसाळ्यात पाणी, आणि चाकरमान्यांची गाडी गावी महिनाभर उभी असेल तर उंदराने आणून टाकलेला पाला. प्लग काढला की हे सगळं सरळ सिलिंडरमध्ये पडणार. वाळूचा कण सिलिंडरची भिंत ओरखडतो.

म्हणून:

१. प्लग न फिरवता खड्ड्यात हवा मारा. डोळे सांभाळा.
२. पाणी असेल तर कापडाच्या वळीने शोषून घ्या, मग पुन्हा हवा.
३. प्लग फक्त पाव फेरा सैल करा आणि तिसऱ्यांदा हवा मारा. वॉशरखाली अडकलेला कचरा आता सुटतो.

> सावध: खड्ड्यात इंजिन ऑइल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा त्यातले प्लगचे सील गेले आहेत. गॅप लावून ही तक्रार जाणार नाही. तेल कॉइलचं रबर फुगवतं, आणि ठिणगी रबर फोडून बाहेरच पडते.

टप्पा ४: प्लग बाहेर

सॉकेट प्लगवर सरळ बसला आहे याची खात्री करा. तिरका राहिला तर प्लगची पांढरी चिनी माती तडकते, आणि ती तडक बाहेरून दिसतही नाही.

सावकाश डावीकडे फिरवा. प्लग अडला तर जोर लावू नका. समुद्राकाठच्या गाड्यांत प्लगचा षटकोन आणि आट्यांचं तोंड गंजलेलं असतं. आट्यांच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल थोडं सोडा, अर्धा तास थांबा. मग पाव फेरा सैल, पाव फेरा घट्ट, पुन्हा सैल, असं मागे-पुढे करत बाहेर आणा. एका दमात काढायच्या नादात आटे गेले तर हेडला नवे आटे बसवून घ्यावे लागतात, त्याचा खर्च प्लगच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त.

एका वेळी एकच प्लग काढणं उत्तम. सगळे काढायचे असतील तर भोकांवर कोरडं कापड टाका आणि प्लग १ ते ४ याच क्रमाने मांडा. क्रम का जपायचा? एक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते अशा जुन्या एमपीएफआय गाड्यांत जोडीतल्या एका प्लगमध्ये वीज उलट दिशेने उडी मारते. त्यामुळे काही प्लगचा मधला इलेक्ट्रोड जास्त झिजतो, काहींचा बाजूचा. एक मोजून चौघांचा गॅप ठरवता येत नाही.

टप्पा ५: गॅपच्या आधी प्लग बघा

वापरलेला प्लग पुन्हा बसवायच्या लायकीचा आहे का, हे आधी ठरवा. नसेल तर त्याचा गॅप लावण्यात अर्थ नाही.

- फिकट तपकिरी किंवा राखाडी: ठीक.
- कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त येतंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा गाडी रोज जेमतेम बाजारापर्यंतच जाते. प्लग तापतच नाही, म्हणून काजळी जळत नाही.
- ओली, चिकट काळी: तेल वर चढतंय. हे इंजिनाचं काम आहे.
- पांढरी फटक चिनी माती, त्यावर बारीक फोड: प्लग फार गरम श्रेणीचा, मिश्रण पातळ किंवा इग्निशनचं टायमिंग पुढे गेलेलं. गॅप लावून पुन्हा बसवू नका, कारण शोधा.
- मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल, बाजूच्या इलेक्ट्रोडला खळगा: झिजला. बदला.

आता वरचा भाग. पत्र्याच्या अंगठीच्या लगेच वर चिनी मातीवर तपकिरी वलय असेल तर अनेकजण ‘कॉम्प्रेशन लीक’ म्हणून प्लग टाकतात. ते तसं नसतं. जास्त व्होल्टेजमुळे आसपासचे तेलाचे कण तिथे चिकटतात. प्लग चांगला आहे. पण चिनी मातीवर वरून खाली गेलेली काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी आतून न जाता बाहेरून पत्र्यावर उतरते आहे. आमच्या किनाऱ्यावर हा दोष नेहमीचा, कारण कडक झालेल्या रबरी कॅपमध्ये दमट खारी हवा शिरते. अशा वेळी प्लग आणि कॅप दोन्ही बदला. नुसता प्लग बदललात तर कॅपमधली जळकी वाट नव्या प्लगलाही तीच सवय लावते.

स्वच्छता फार करू नका. मोटरवरच्या तारेच्या ब्रशने घासल्यास चिनी मातीवर धातूच्या बारीक रेघा उमटतात आणि वीज त्यांच्यावरून पळते. गॅसवर भाजून काजळी काढायची सवयही सोडा. साध्या निकेल प्लगला कार्बोरेटर क्लीनर, मऊ ब्रश आणि पूर्ण वाळवणं, एवढं पुरे. इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या टोकाला काचपेपर, कानस, ब्रश काहीही लावायचं नाही.

टप्पा ६: मोजा, नव्या डब्यातला प्लगसुद्धा

‘नवीन प्लग गॅप लावूनच येतो’ हे अर्धं खरं. कारखान्यात लावलेला असतो. पण एकच प्लग अनेक गाड्यांना विकला जातो आणि तुमचं इंजिन वेगळा गॅप मागत असेल. शिवाय डबा वाटेत आपटलेला असू शकतो. प्रत्येक प्लग मोजा.

१. प्लग आडवा, उजेडाकडे धरून आधी डोळ्यांनी पाहा. बाजूचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर डोक्यावर, दोन्ही तोंडं समांतर हवीत. पाचरीसारखा तिरका असेल तर पट्टी एका कडेला अडकेल आणि माप कमी वाटेल.

२. हव्या मापाची तार किंवा पट्टी सरळ घाला. जोर न लावता, पण किंचित घासत निघाली तर माप बरोबर. नुसती सरकली तर गॅप मोठा. ढकलावी लागली तर लहान.

३. एका पट्टीवर विसंबू नका. मॅन्युअल १.० ते १.१ सांगत असेल तर १.० गेली पाहिजे आणि १.१५ अडली पाहिजे. हातातल्या दाबाचा अंदाज माणसागणिक बदलतो. गेली की अडली, यात मात्र वाद राहत नाही.

वापरलेल्या प्लगला सपाट पट्टी फसवते. बाजूच्या इलेक्ट्रोडला खळगा पडलेला असतो, पट्टी त्याच्या दोन कडांवर टेकते आणि खळग्याची खोली मोजलीच जात नाही. माप १.१ दिसतं, प्रत्यक्षात १.२ किंवा जास्त. तिथे गोल तारच हवी.

इंच आणि मिलिमीटरचा घोळ हा सर्वात महागात पडणारा. बऱ्याच पट्ट्यांवर दोन्ही आकडे कोरलेले असतात. .०४० इंच म्हणजे १.०२ मिमी, पण .४० मिमी म्हणजे जेमतेम त्याच्या दोन-पंचमांश. घाईत शून्य दिसत नाही. नेहमी लागणारी मापं: .०२५ इंच = ०.६४ मिमी, .०३० = ०.७६, .०३५ = ०.८९, .०४० = १.०२, .०४४ = १.१२.

> सावध: नाण्यासारखा गोल, कडेला उतार असलेला गेज इरिडियम प्लगमध्ये फिरवू नका. तो पाचरीसारखा शिरतो आणि मधल्या टोकावर दाब देतो. ते टोक जेमतेम ०.४ ते ०.६ मिमी जाडीचं असतं, कडकन तुटतं.

टप्पा ७: गॅप लावा

हलवायचा फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्याला हात नाही, टेका नाही, काहीच नाही.

गॅप कमी करायचा असेल तर प्लग उभा धरून बाजूच्या इलेक्ट्रोडची पाठ लाकडाच्या फळीवर हलकेच टेकवून ठोका. एक ठोका, एक माप. सिमेंटवर किंवा जांभ्याच्या पायरीवर आपटू नका. गॅप वाढवायचा असेल तर खाचेच्या हत्याराने बाजूच्या इलेक्ट्रोडच्या वाकणावर धरून वर उचला. स्क्रूड्रायव्हर दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये घालून उचकटलात तर सगळा भार मधल्यावर येतो आणि आतली चिनी माती फुटते. पक्कड यादीत का नव्हती, ते इथे कळतं: तिची पकड वाकणावर न येता टोकावर येते आणि दोन तोंडं समांतर राहत नाहीत.

मूळ गॅपपासून ०.२ मिमीपेक्षा जास्त हलवावं लागत असेल तर थांबा. तो प्लग तुमच्या गाडीचा नाही; डॅशनंतर योग्य आकडा असलेला प्लग आणा. -८ चा प्लग ओढून ११ करणं म्हणजे बाजूचा इलेक्ट्रोड तिरका करून ठेवणं. सारखं मागे-पुढे वाकवूनही धातू थकतो आणि चालू इंजिनात तुकडा पडू शकतो.

पट्ट्यातला नेमका कोणता आकडा धरायचा? निकेल प्लगला खालची बाजू. निकेलचा गॅप झिजेने साधारण दर १०,००० किमीला ०.१ मिमीच्या आसपास वाढतो. १.१ ला लावलेला प्लग पुढच्या सर्व्हिसपर्यंत पट्ट्याबाहेर जाईल, १.० ला लावलेला आत राहण्याची शक्यता जास्त. इरिडियम फार हळू झिजतो, त्यामुळे तो डब्यातून पट्ट्याच्या आत आलेला असेल तर तसाच राहू द्या.

गॅप जास्त ठेवला की ठिणगी जोरदार आणि ॲव्हरेज चांगला, हा समज सर्वत्र आहे. कॉइल जितकं व्होल्टेज देऊ शकते त्याच्या मर्यादेपर्यंतच तो खरा. पुढे कॉइल तापते, कॅप फुटते, डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत रोटर जळतो. आणि दमट हवेत विजेला पळवाट तर तयारच असते.

तपासा: गॅप लावल्यावर पुन्हा डोळ्यांनी पाहा: समांतर, बरोबर डोक्यावर, चिनी माती शाबूत. काम करताना हातातून फरशीवर पडलेला प्लग बाजूला ठेवा. वरून धड दिसला तरी तो बसवायचा नाही.

टप्पा ८: बसवा

इतकी मेहनत करून लावलेला गॅप बसवताना बिघडतो. लोखंडी सॉकेटमध्ये प्लग खाली सोडला की तो तळाशी आपटतो आणि बाजूचा इलेक्ट्रोड दबतो. त्यासाठीच रबरी नळी. प्लगचं डोकं नळीत खोचा, हलकेच खाली उतरवा, आधी थोडं डावीकडे फिरवा. आटे जुळले की बारीक ‘टक’ जाणवते. मग उजवीकडे, फक्त बोटांनी. पहिले चार-पाच फेरे सहज गेले पाहिजेत. आटे चुकत असतील तर नळी हातात नुसती घसरते, प्लग फिरत नाही. म्हणजे हेड वाचलं. रॅचेटला ही समज नसते.

वॉशर हेडला टेकल्यावर:

- टॉर्क पाना असेल तर १४ मिमी आट्यांना २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच.
- नसेल तर, १४ मिमीच्या नव्या प्लगला वॉशर टेकल्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. वॉशर चेपायला एवढं लागतं. प्लगच्या डब्यावर या फेऱ्याचं चित्र असतं, ते पाहून घ्या.
- तोच जुना प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो. मग फक्त एक-बारांश फेरा, म्हणजे घड्याळात एका तासाच्या खुणेइतकाच.
- वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक-षोडशांश.

सैल राहिलेला प्लग आपली उष्णता हेडला देऊ शकत नाही, तापत जातो आणि शेवटी पिस्टनला भोवतो. जास्त घट्ट केलेला आटे ताणतो.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायचं का? खाऱ्या हवेमुळे इथे जवळजवळ प्रत्येकजण लावतो. प्लगच्या आट्यांवर आधीच गंजरोधक मुलामा असतो आणि एनजीके तर लावू नका असंच सांगते. कारण वंगणामुळे घर्षण कमी होतं, टॉर्क पाना तोच आकडा दाखवतो पण प्लग त्याहून बराच जास्त आवळला जातो. मुलामा असलेला नवा प्लग कोरडाच बसवा. खाऱ्या हवेचा बंदोबस्त करायची जागा वर आहे: कॅपच्या तोंडाशी आतल्या रबराला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. धातूच्या टर्मिनलवर लावू नका. यामुळे पाणी आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी कॅप न फाटता निघते.

कॉइल सरळ खाली दाबा, बोल्ट हाताच्या जोरानेच घट्ट करा, कनेक्टर ‘टक’ होईपर्यंत बसवा. क्रमांक जुळवा. शेवटी बॅटरी जोडा.

टप्पा ९: चाचणी

सुरू करून पाच मिनिटं स्लोवर ठेवा. थरथर असेल तर आधी कनेक्टर आणि वायरींचा क्रम पाहा. प्लग लगेच पुन्हा काढायला जाऊ नका.

इंजिन नीट तापल्यावर मोकळा चढ शोधा. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगातून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. झटका न देता गाडीने ओढलं पाहिजे. सपाट रस्त्यावरची चाचणी कामाची नाही. गॅपचा दोष भाराखालीच दिसतो.

मिसिंग शोधायला चालू इंजिनाची एकेक वायर उपटून बघायची जुनी युक्ती आजच्या गाडीवर करू नका. कॉइल जळू शकते, झटका बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून घ्या. पी०३०१ हा कोड म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी०३०२ दुसऱ्याचं, याप्रमाणे. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी बदलून पाहा. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा, तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासायचं.

पुढची तपासणी: निकेल प्लग दर १०,००० किमीला मोजा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतरावर बदला. इथल्या हवामानात मे महिन्याच्या शेवटी एकदा कॅप, कॉइलचं रबर आणि प्लगचा खड्डा बघून घ्या. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या इंजिनावर हे काम करणं जिकिरीचं होतं, आणि गणपतीला गाडी गावी न्यायची तर मधला वेळ फार उरत नाही. इंजिनावर पाण्याचा प्रेशर मारून धुण्याची सवय असेल तर कॉइलवर प्लॅस्टिक बांधा, आणि धुतल्यावर खड्ड्यांत हवा मारल्याशिवाय सेल्फ मारू नका.